इलोनेचं पत्र

आमच्या शाळेतल्या युरोपच्या नकाशावर एका जागी कागद घासून पांढरा पडला आहे. भूगोल मी शिकवते, म्हणून नकाशा माझ्या ताब्यात. नव्यानं येणारा प्रत्येक शिक्षक विचारतो, मॅडम, इथं काय झालं? तिथं हंगेरी होता. आमच्या मराठीच्या सरांनी बोट ठेवून ठेवून तो पुसला.

दवनीवाड्याजवळच्या त्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी मधल्या सुट्टीत सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. उंच, वाळके, पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं आणि तिन्ही लाल. ना नमस्कार ना चमत्कार.

"बाई, हंगेरी दाखवा."

मला वाटलं, नव्या बाईची परीक्षा चालली आहे. मी दाखवला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, क्षणभर तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या मुलीच्या नावाचं माहेर." घंटा झाली आणि ते वर्गावर गेले. "जरा वेडे दिसतात," मी शेजारच्या बाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "दिसत नाहीत, आहेत."

मुलीचं नाव इलोना. गोंदिया जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांच्या मधोमध, एका मराठीच्या मास्तराच्या घरात हे नाव आलं कसं, ते सर ज्याला त्याला सांगत. मी ते किमान वीसदा ऐकलं असेल. तरुणपणी ते गोंदियात स्टेशनामागे खोली घेऊन शिकत होते. तिथल्या रद्दीवाल्याकडे एक जाड पुस्तक सापडलं, अनोळखी भाषेतलं. पहिल्या पानावर निळ्या शाईत एकच शब्द होता, इलोना. मागेपुढे काही नाही. गाडीतून जाणाऱ्या कुणा परदेशी बाईचं राहिलं असावं. पुस्तकातलं एक अक्षर सरांना कळलं नाही, पण ते नाव त्यांच्या डोक्यात बसलं. ती भाषा हंगेरियन आहे हे कळायला त्यांना सात वर्षं लागली. नागपूरच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी ते सांगितलं, तोपर्यंत मुलगी चार वर्षांची होऊन त्याच नावानं अंगणवाडीत जात होती.

नावाचा उगम कुठला, यावर सर तासभर बोलू शकत. काहींच्या मते हेलन या नावाचं ते हंगेरियन रूप, काहींच्या मते स्वतंत्रच. "नक्की कुणालाच ठाऊक नाही," हे ते अशा समाधानानं सांगत की जणू काही नदीचा उगम त्यांनीच लपवून ठेवला आहे. मात्र त्यांचा खरा जीव अडकला होता तो विभक्तीत. हंगेरियन भाषेतही प्रत्यय नामाला मागून चिकटतात, आपल्यासारखेच, हे त्या प्राध्यापकांनी सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की प्रत्यय लागताना इलोना या नावातला शेवटचा स्वर लांबतो. त्या दिवशी सर नागपूरहून येताना गोंदियाला उतरायचं विसरले आणि पुढं आमगावला गेले.

"बाई, तिकडेही नाव जसंच्या तसं राहत नाही. प्रत्यय आला की बदलतं. आपल्याकडे शाळा, शाळेला. गंगा, गंगेला. सीता, सीतेला. तसंच इलोना, इलोनेला. इलोनाला म्हणतात ते तिला पाहुणी समजतात."

मी म्हटलं, "सर, माझ्या बहिणीचं नाव मीना. मी मीनाला म्हणते, मीनेला म्हणत नाही. म्हणजे ती माझ्या घरची नाही?"

यावर त्यांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी हजेरीपट काखेत घेऊन आले. "हल्लीच्या नावांना आपण घरात घेतलंच नाही, बाई. ओसरीवरच बसवून ठेवलं," म्हणाले आणि निघून गेले.

वर्गात मुलांना ते विचारत, "इलोना, चतुर्थी एकवचन?" सगळा वर्ग एका सुरात ओरडे, "इलोनाले." सर डोकं धरत. आमच्या भागात 'ला' कुणी म्हणत नाही, 'ले' म्हणतात. 'का' म्हणत नाहीत, 'काऊन' म्हणतात. पोरं घरून ती बोली घेऊन येत आणि सर ती दारात काढून घेत, पायातली चप्पल काढायला लावावी तशी. "सर, मी जाऊन राहिलो," असं कुणी म्हणालं की ते त्याला जाऊच देत नसत. "राहतोस की जातोस? एक काही तरी ठरव." पोरगा बिचारा पोट आवळून उभा.

गंमत अशी की सरही इथलेच. त्यांचे वडील दुसऱ्याच्या बांधीत राबलेले, आई जंगलातून मोहफुलं वेचून आणणारी. पण सरांच्या तोंडून मी बोलीतला एक शब्द कधी ऐकला नव्हता. शाळेतला शिपाई सांगायचा, "सर लहानपणी आमच्यावानीच बोलत. शहरातल्या मास्तरानं वर्गात नक्कल केली तईपासून जीभ बदलली." मी याबद्दल सरांना विचारलं नाही. काही गोष्टी विचारू नयेत एवढं भूगोलवाल्यांनाही कळतं.

लाल पेनानं ते काय काय दुरुस्त करत, याची यादी करण्यात अर्थ नाही. लग्नपत्रिका, निधनाची पत्रकं, राइस मिलच्या भिंती. नागऱ्याच्या देवळात देणगीदारांच्या फलकावरची एक वेलांटी त्यांनी खडूनं बदलली, तेव्हा पुजारी मागे लागला होता. बायकोनं किराणा सांगितला तरी तो कागदावर लिहून त्यातल्या चुका ते तिला ऐकवत. वहिनी म्हणजे त्यांची बायको. चौथीपर्यंत शिकलेल्या, पुढं अक्षर सुटलं ते सुटलंच. त्या शांतपणे म्हणत, "तुमी तेल आना. चुका नंतर काढजा."

घरात भाषा दोन होत्या. इलोना बापाशी पुस्तकातलं बोलायची आणि चुलीपाशी आईशी आईसारखं. मी तिला दोन्हीकडे ऐकलं आहे. बापासमोर ती खांदे ताठ करून बसायची. आईजवळ गेली की पाय पसरून.

लग्न ठरलं ते तालुक्याबाहेरच्या एका गावात. मुलाकडे वीस एकर धान, स्वतःची गिरणी. सरांना आनंद झाला, पण एका गोष्टीची धास्ती होती. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. सासरच्यांनी श्रद्धा हे नाव ठरवलं होतं. ताट आलं, नवरदेवानं अंगठी सरसावली आणि सरांनी पुढं होऊन आपला पंजा तांदळावर ठेवला.

"तिला नाव आहे."

"गुरुजी, रीत आहे," मुलाचे काका म्हणाले.

"रीत असेल. नाव बदलायचं असेल तर लग्न थांबवा."

"नावासाठी लगन मोडता का, बापा?" मागून कुणी तरी म्हणालं.

वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या. इलोना बापाकडे पाहत होती, आणि तिच्या तोंडावर मी जे पाहिलं ते अभिमानाखेरीज दुसरं काही नव्हतं. शेवटी नवरदेवानंच तांदळात लिहिलं, ईलोना. सरांनी पंजा काढला, वाकून पाहिलं आणि बोटानं दीर्घ ई मोडून ऱ्हस्व केली. मांडव हसला. मीही हसले. मुलाची आई हसली नाही. तेव्हा आम्हाला ते दिसलं नाही, आम्ही जिंकल्याच्या नादात होतो.

त्या घरात तिला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. "दवनीवाडेवाली" म्हणत. हे तिनं पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

पत्रं का, तर सरांचा हट्ट. फोनवर माणूस कसंही बोलतो, पत्रात वाक्य पूर्ण करावं लागतं, म्हणून दर पंधरवड्याला एक पत्र. लग्नानंतर तीन महिन्यांनी तिचा फोन पडून फुटला. सासरचे नवा घेऊन देऊ म्हणाले, दिला नाही. वहिनी काळजीत पडल्या. सर म्हणाले, "बरंच झालं, लिहील तरी." पत्र आलं की ते मधल्या सुट्टीत लाल पेनानं तपासत, दहापैकी गुण देत आणि पाकिटात घालून परत पाठवत. ती पुढच्या वेळी आधीचे शब्द सुधारून लिही. नऊ, साडेनऊ असे गुण असत. "बघा बाई, काय लिहिते," असं म्हणून ते मला दाखवत. मी ती पत्रं वाचली आहेत. शेजारणींचं वर्णन, गिरणीच्या आवाजाचं वर्णन, फणसाच्या झाडाचं वर्णन. सुरेख मराठी. त्यात ती स्वतः कुठंच नसायची. हे माझ्या लक्षात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसा, असं वाटलं.

घरी गेल्यावर सर वहिनींना पत्राचा सारांश सांगत. तो नेहमी एकच असे. "बरी आहे."

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस होते. या दिवसांत आमच्याकडे सगळं थांबतं. अर्धी शाळा चिखलात असते, बायका सकाळी सातला बांधीत उतरतात त्या दिवे लागताना वर येतात. गुरुवारी सरांना पत्र आलं. शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्यांनी ते माझ्यापुढं टाकलं.

"बी. ए. झालेली मुलगी. वाचा."

मला आधी दिसला तो लाल रंग. पान भरून गोल आणि रेघा. 'आईले' खोडून 'आईला'. 'काऊन' खोडून 'का'. 'ताप येऊन राहिला' याच्या खाली दोन रेघा आणि समासात 'ताप येत आहे'. सगळ्यात वर दहापैकी अडीच. खाली शेरा होता: "घाईत लिहू नये. पुन्हा लिहून पाठव."

तापाचं काहीतरी होतं. पावसाळ्यात ताप कुणाला येत नाही. माझ्यापुढं सहावीचे गठ्ठे पडले होते. मी हसून म्हटलं, "सासरची हवा लागली तिला, सर."

हे मी म्हटलं. सरांनी नाही, मी.

सर हसले नाहीत. "सहा वर्षांची असल्यापासून तिच्या लेखनात असं कधी आलं नव्हतं," म्हणाले. आणि ते खरं होतं. सहा वर्षांची असल्यापासून कधीच नव्हतं आलं. दोन शिकलेली माणसं त्या कागदाच्या दोन बाजूंना बसली होती आणि एकालाही पुढचं सुचलं नाही. शनिवारी त्यांनी पत्र परतीच्या टपालात टाकलं.

मंगळवारी दुसऱ्या तासाला शिपाई वर्गाच्या दारात आला. "सर, तुमच्या पोरीले गोंदियाच्या दवाखान्यात आनलं मनते. लवकर चला."

बसची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना माझ्या स्कूटीवर घेतलं. वाटेत दोन्हीकडे बायका वाकून रोवणा लावत होत्या. आम्ही पोहोचलो तेव्हा तिला पांढऱ्या चादरीखाली ठेवलं होतं. डोक्यात गेलेला मलेरिया. तरणे डॉक्टर होते, चिडलेले. "चार दिवस आधी आणलं असतं तर," ते म्हणाले. सर उजव्या हाताच्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजू लागले. सोमवार, रविवार, शनिवार, शुक्रवार. शुक्रवारच्या पेरावर अंगठा थांबला आणि तिथंच राहिला.

नवरा कोपऱ्यात उभा होता. "रोवण्याचे दिवस, बाया कुठून आनाव?" असं तो कुणाला तरी सांगत होता. मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. मग मला माझं शुक्रवारचं वाक्य आठवलं आणि हात खाली राहिला.

तेरवी झाल्यावर सासरहून तिची पेटी आली. आत सरांनी तपासून परत पाठवलेली सगळी पत्रं तारखेनं लावून सुतळीनं बांधलेली होती. सगळ्यात वर एक बंद पाकीट, न फोडलेलं. ते त्या मंगळवारी दुपारी तिच्या घरी पोहोचलं होतं.

सर महिन्यानं शाळेत आले. खिशात एकही लाल पेन नव्हतं. मुलांच्या वह्यांवर ते निळी बरोबरची खूण करत, सगळ्या पानांवर, काहीही लिहिलेलं असो. हेडमास्तर एकदा बोलले, मग त्यांनीही सोडून दिलं. पोरं 'जाऊन राहिलो' लिहीत आणि सरांकडे चोरून पाहत. सुरुवातीला त्यांना मजा वाटली. पुढं भीती वाटायला लागली. नकाशापाशी सर पुन्हा आले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या घरी गेले. जायचं टाळत होते, पण किती टाळणार. वहिनी ओसरीत सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. सरांनी मला खुर्ची दिली, आत गेले आणि ते पाकीट आणून माझ्या हातात ठेवलं. अजून बंदच होतं.

"फोडा. वाचा."

"सर, मी ते पाहिलंय."

"मीही पाहिलंय," ते म्हणाले. "वाचलं कुणी? फक्त निळं वाचा. लाल वाचू नका."

मी पाकीट फोडलं. लाल गोलांमधून निळी अक्षरं शोधत शोधत मोठ्यानं वाचलं.

"बाबा, आईले सांगजा, मले आठ दिवसापासून ताप येऊन राहिला. एकाड एक दिवस हुडहुडी भरते. इथं मनते, रोवण्याच्या भेवानं नाटक करून राहिली. काल बांधीत भोवळ आली तं बांधावर बसवलं, मंग पुन्हा उतरवलं. दवाखान्यात रोवणा झाल्यावर नेऊ मनते. बाबा, तुमी या. काऊन नाही येत तुमी? आईले संगं आना. मले घरी घेऊन जा. तुमची इलोना."

सुपातला आवाज केव्हाच थांबला होता. वहिनी सरांकडे पाहत होत्या.

"तुमी मले सांगतलं, बरी आहे मनून."

सरांनी चष्मा काढून हातात धरला.

"हे तिनं मले लिहलं," वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तापात माय आठवते मानसाले. मायची बोली आठवते. माझ्या कानावर एक वाक्य पडलं असतं, तं मी त्याच पावली निघाली असती. पायी निघाली असती. तुमी नाव वाचवलं तिचं. तिले नाही वाचवलं."

मी पत्राची घडी करू लागले. मला तिथून उठायचं होतं. वहिनींनी हात पुढं केला, माझ्या हातातून कागद घेतला आणि सरांच्या मांडीवर ठेवला.

"आता तुमी वाचा."

सरांनी चष्मा लावला. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "बाबा, आईला सांगा," त्यांनी सुरुवात केली, "मला आठ दिवसांपासून ताप येत आहे..."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "जसं लिहलं तसं."

ते पुन्हा पहिल्या ओळीवर आले. पुन्हा जीभ 'आईला'वर गेली. चाळीस वर्षांची सवय होती. वहिनी थांबून राहिल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी एकेक शब्द बोटाखाली धरून वाचला, पहिलीतलं पोर वाचतं तसा. आई-ले. म-ले. ताप येऊन राहिला. हुडहुडी, बांधी, भोवळ. त्यांचा आवाज बदलत गेला. असा आवाज मी शाळेत कधी ऐकला नव्हता, आणि वहिनींनी तो फार वर्षांनी ऐकला असावा, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला.

"बाबा, तुमी या," सर वाचत होते. "काऊन नाही येत तुमी?"

इथं ते थांबले. पुढं दोनच ओळी उरल्या होत्या. बोट त्या प्रश्नावर होतं, नकाशावर असायचं तसं.

"येऊन राहिलो, माय," ते कागदाला म्हणाले. "येऊन राहिलो."